घरची सरकी वाचवा

हे आवाहन सुरतेत पोट भरणाऱ्या, पण गावी तापीच्या वरच्या अंगाला अजून चार-दोन एकर काळी जमीन राखून असलेल्या मराठी माणसाला आहे. तुमचे घर उधन्यात असेल, लिंबायतमध्ये असेल नाहीतर डिंडोलीत. काम यंत्रमागावर असेल, डाइंगच्या मिलमध्ये असेल किंवा साडीच्या बाजारात. सातबारा मात्र शहाद्याचा, शिंदखेड्याचा, अमळनेरचा नाहीतर चोपड्याचा आहे. मे महिना सरत आला की गावाहून धाकट्या भावाचा फोन येतो, ‘दादा, औंदा कपाशीची कोणती बॅग घेऊ?’ आणि आपण कुणाकडून ऐकलेले एखादे नाव सांगून मोकळे होतो.

त्या प्रश्नातच एक गोष्ट आपण मुकाट्याने मान्य केलेली असते: बियाणे दुकानातूनच यायचे. कृषी केंद्राच्या फळीवर पाकिटांची रांग असते. चित्रे वेगळी, नावे वेगळी, दावे वेगळे. आत मात्र एकच माल, संकरित बीटी कापूस. पुढल्या वर्षी पुन्हा दुकान आणि पुन्हा पाकीट. घरच्या कापसातली सरकी राखून पेरता येते असे देशी आणि सरळ वाण त्या फळीवर शोधून सापडत नाही. देश स्वतंत्र झाला तेव्हा कापसाखालचे जवळजवळ सारे क्षेत्र देशी वाणांचे होते. आज शंभर एकरांत ते दोन-तीन एकरही जेमतेम उरले आहे. ते वाचवायचे आहे, आणि ते संग्रहालयाच्या बाटलीत ठेवून वाचणार नाही, शेतात पेरूनच वाचेल.

बीटीला शिव्या घालण्यासाठी मी लिहीत नाही. ज्या वर्षी बीटीने घर तारले ते वर्ष अनेकांना आठवत असेल. माझे म्हणणे एवढेच आहे की शेती टिकते ती एखाद्या चमत्कारी बियाण्यावर टिकत नाही. एक बियाणे फसले तर दुसरे हाताशी असावे लागते. ते दुसरे बियाणे आपल्या डोळ्यांदेखत संपत चालले आहे आणि ते संपू न देणे आपल्या हातात आहे.

सुरतेवर या बियाण्याचे देणे आहे

हे सुरतेतूनच सांगायला कारण आहे. इंग्रजांच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांत हिंदुस्थानातून आलेल्या कापसाला सरसकट ‘सुरत’ म्हणत. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि त्या गिरण्यांना आपल्या कापसावर दिवस काढावे लागले. आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला हा कापूस तिथल्या विणकरांना नकोसा वाटे. त्याआधीच, 1840 च्या सुमारास, कंपनी सरकारने अमेरिकेतून जाणकार मळेवाले आणून गुजरातच्या जमिनीत अमेरिकन कापूस रुजवून पाहिला होता. तो रुजला नाही. पावसाने ओढ दिली तरी काळ्या जमिनीत तग धरून राहिला तो इथलाच कापूस.

पुढे सुरतेच्या अठवा भागात सरकारी शेतीक्षेत्र उभे राहिले. आज ते नवसारी कृषी विद्यापीठाचे मुख्य कापूस संशोधन केंद्र आहे. शहराने त्याला चहूबाजूंनी वेढले आहे, पण शंभराहून अधिक वर्षे कापसावर काम करणारी ती जागा आहे. सुरत-भडोचच्या याच पट्ट्यातून 1027 एएलएफ, विजय, दिग्विजय, सुयोग अशी देशी वाणे निघाली. आपल्या खानदेशातही बनिला, जरीला, विरनार ही नावे एके काळी घरोघरी होती, आणि जरीलाच्या नावाने मुंबईच्या कापूस बाजारात वायद्याचे सौदे होत. धागा आखूड असला तरी गावाला ते वाण पुरत होते, कारण सरकी घरची होती.

मग याच अठवा फार्मवर 1970 मध्ये डॉ. सी. टी. पटेल यांनी ‘संकर-4’ तयार केला. गुजरात-67 ही मादी, अमेरिकन नेक्टरिलेस हा नर. व्यापारी लागवडीसाठी आलेला हा जगातला पहिला संकरित कापूस. उत्पादन वाढले, धागा लांब झाला, आणि देशाचा कापूस बदलला. ही सुरतेची मोठी कामगिरी आहे, तिच्याबद्दल अभिमान वाटावा अशीच.

पण संकराची एक अट असते. त्याची सरकी पेरून पुन्हा तेच पीक येत नाही, दुसऱ्या पिढीत झाडे फुटीर निघतात. म्हणून बियाणे दरवर्षी नव्याने तयार करावे लागते, तेही हाताने. संध्याकाळी मादी ओळीतली उद्या उमलणारी कळी धरायची, अंगठ्याच्या नखाने पाकळ्यांसकट पुंकेसर सोलून काढायचे, आतल्या नाजूक दांड्याला धक्का लावायचा नाही. कळीवर खूण म्हणून रंगीत कागद अडकवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतले उमललेले फूल आणून त्याचा पराग त्या दांड्यावर फिरवायचा. एका फुलाला एवढे काम, आणि प्लॉटमध्ये अशी हजारो फुले. या कामाला कित्येक वर्षे लहान मुलींचे हात वापरले गेले, ही त्या व्यवसायाची काळी बाजू. एवढे कष्ट ज्यात गेले ते बियाणे महाग होणारच. आणि ज्याच्याकडे नर-मादीच्या मूळ ओळी, त्याच्याच हातात बियाणे राहणार.

जनुक आला, तो संकराच्या पोटात बसून

बीटीची भारतातली गोष्टही गुजरातेतूनच सुरू होते. 2001 च्या हंगामात अमेरिकन बोंडअळीने कपाशी फस्त केली, तेव्हा गुजरातच्या काही शेतांत ‘नवभारत 151’ नावाचे पीक हिरवेगार उभे होते. तपासात निघाले की त्यात बीटी जनुक आहे, बोंडअळीला मारणारे विष झाडातच तयार करणारा, पण परवानगी नसलेला. केंद्रीय समितीने उभे पीक नष्ट करायचा आदेश काढला. शेतकरी अडून बसले आणि शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी त्यांची बाजू घेतली. मग 26 मार्च 2002 रोजी महिको-मोन्सॅन्टोच्या तीन संकरित बीटी वाणांना रीतसर परवानगी मिळाली. 2006 मध्ये दोन जनुकांचे ‘बोलगार्ड-2’ आले. दहा वर्षांच्या आत देशातला नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस बीटी झाला.

पहिली वर्षे खरोखर चांगली गेली. अमेरिकन बोंडअळीसाठीच्या फवारण्या घटल्या. 2002-03 मध्ये देशात 136 लाख गाठी कापूस झाला होता, तो 2013-14 मध्ये 398 लाख गाठींवर गेला. त्याचे श्रेय किती बीटीचे, किती वाढलेल्या खताचे आणि पाण्याचे, यावर तज्ज्ञांत वाद आहे. केशव क्रांती आणि ग्लेन डेव्हिस स्टोन यांनी 2020 मध्ये ‘नेचर प्लांट्स’मध्ये वीस वर्षांचा हिशेब मांडला. त्यात उत्पादनातली बरीचशी वाढ बीटीच्या प्रसाराशी जुळत नाही असे दाखवले. शिवाय शेतकरी आता कीटकनाशकांवर बीटी येण्यापूर्वीपेक्षा जास्त खर्च करतो, असेही निघाले. क्रांती हे काही बीटीचे जन्मजात विरोधक नव्हेत. ते नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे संचालक होते. त्यांच्या सांगण्याकडे म्हणूनच लक्ष द्यायला हवे.

पुढे काय झाले ते तुम्ही शेतात पाहिले आहे. 2009 च्या हंगामात अमरेली आणि सौराष्ट्राच्या इतर जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला पचवू लागल्याचे आढळले, आणि 2010 मध्ये कंपनीनेच ते जाहीर केले. काही वर्षांत तिने बोलगार्ड-2 लाही जुमानले नाही. 2017 मध्ये ती महाराष्ट्रावर तुटून पडली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. ज्या बियाण्याने फवारा कमी होणार होता, त्याच बियाण्याच्या शेतात फवाऱ्याने माणसे मारली.

गुलाबी अळीचा घात बाहेरून दिसत नाही. फूल पूर्ण उमलत नाही, पाकळ्या पिळून गुंतलेल्या राहतात. त्याला आपण डोमकळी म्हणतो. बोंड वरून धडधाकट असते. फोडून पाहिले की आतला कापूस पिवळा, चिकट, कवडी झालेला. सरकी पोखरलेली. हंगाम संपताना हीच अळी दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोटात झोपी जाते आणि जिनिंगपर्यंत जाऊन पोहोचते.

दोष जनुकापेक्षा मांडणीत

या ठिकाणी नीट विचार करू या, कारण रागाच्या भरात सगळे खापर जनुकावर फोडले की मूळ चूक निसटते. अमेरिकेतही बीटी कापूसच होता. तिथे बिगरबीटीचा पट्टा पाळला गेला, वांझ पतंग सोडले गेले, पीक वेळेत संपवले गेले, आणि 2018 मध्ये तिथल्या सरकारने कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी नाहीशी झाल्याचे जाहीर केले. अळी तीच, विष तेच, तरी निकाल उलटा.

आपल्याकडे जवळजवळ सगळा बीटी संकराच्या पोटात बसून आला. अमेरिका, ब्राझील, ऑस्ट्रेलिया यांनी तो सरळ वाणांत घातला. या एका फरकातून तीन गोष्टी घडल्या.

पहिली, पीक लांबले. संकराची झाडे मोठी, फुटवा भरपूर, वेचणी महिनोन् महिने. ओलित असले की आपण फरदड घेतो आणि पऱ्हाटी मार्चपर्यंत उभी ठेवतो. गुलाबी अळी मुख्यतः कापसावरच जगते, म्हणजे तिच्या एक-दोन पिढ्यांना आपणच जास्तीचे जेवण वाढतो.

दुसरी गोष्ट बोंडाच्या आत आहे. संकराच्या झाडाला बीटीचा जनुक सहसा एकाच पालकाकडून मिळतो. म्हणून त्याच्या बोंडातल्या सगळ्या सरक्या सारख्या नसतात. पहिल्या बीटीत साधारण चार सरक्यांमागे एक बिनविषाची निघे. बोलगार्ड-2 मध्ये काही सरक्यांत दोन्ही विषे, काहींत एकच, एखादीत एकही नाही. अळीला एकाच बोंडात विषारी आणि बिनविषारी घास शेजारी शेजारी मिळतात. थोडे विष पचवून जी जगते, तिचीच पिलावळ पुढे वाढते.

तिसरी गोष्ट खिशाची. संकराचे बियाणे विकतचे, म्हणून ते काटकसरीने, लांब लांब टोचायचे. तीन बाय तीन फुटांवर एकरी पाचेक हजार झाडे बसतात. सरळ वाण पेरणारे देश एकरी तीस-चाळीस हजारांवर झाडे बसवतात, प्रत्येकाला थोडीच बोंडे, पण सगळी एकदम फुटणारी. पीक पाच महिन्यांत हातात येते आणि अळी जोर धरायच्या आत शेत मोकळे होते. आता आपले सरकारही सघन लागवडीचा आग्रह धरते. पण बोलगार्ड-2 चे पाकीट 2025 च्या हंगामात 901 रुपयांना होते आणि सघन लागवडीला एकरी चार-पाच पाकिटे लागतात. कोरडवाहू शेतकरी पहिल्या पावसाच्या भरवशावर एवढे पैसे मातीत कसे टाकणार? घरची सरकी असेल तर हा प्रश्नच उरत नाही. दाट पेरा, पाऊस रुसला तर पुन्हा पेरा.

बिगरबीटी पट्ट्याचेही आपल्याकडे काय झाले ते आपण जाणतो. 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅमची वेगळी पुडी यायची, कडेच्या ओळींत पेरायला. तिच्यातून जगलेल्या साध्या अळ्यांचे पतंग शेतातल्या चिवट पतंगांशी जुळावेत आणि चिवटपणा पातळ व्हावा, एवढा साधा हेतू. दोन-तीन एकरांच्या धन्याने ती ओळ अळीसाठी सोडावी असे त्याला कुणी समजावले नाही, आणि पुडी बांधावर पडली. नंतर ते बियाणे पाकिटातच मिसळून देऊ लागले, पण तोवर अळी शिकली होती.

आता तोंडाशी आले आहे तणनाशक सहन करणारे ‘चोर बीटी’. परवानगी नाही, पावती नाही, उगवले नाही तर दाद नाही. गुजरातमार्गे ते खानदेशात उतरते हे गावागावांत ठाऊक आहे. नवापूरचे रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत. असल्या मालाला सीमेची अडचण कुठली? निंदणीला मजूर मिळत नाही ही अडचण खरीच आहे. 2019 च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीरला शेतकरी संघटनेने हे बियाणे उघडपणे पेरून सत्याग्रह केला, त्यामागची चीड मला समजते. शेतकऱ्याला नवे तंत्र निवडण्याचा हक्क आहे. पण निवड म्हटली की जुने, घरचे, फुकटचे बियाणेही निवडता आले पाहिजे. त्या हक्कासाठी सत्याग्रह कोण करणार?

देशी कापूस काय देतो, काय देत नाही

खोटी आशा दाखवून माणसे जोडता येत नाहीत, म्हणून उणे आधी सांगतो. देशी कापसाचे बोंड लहान, वेचायला मजूर कुरकुरतो. वेचणी लांबली तर कापूस गळून मातीत पडतो. जुन्या वाणांचा धागा आखूड, आणि छोटा ढीग घेऊन बाजारात गेलात तर व्यापारी भाव पाडतो. बोंडअळी देशीलाही सोडत नाही.

आता जमेची बाजू. देशीची मुळे खोल जातात, पावसाचा खंड ती सोसते. तुडतुडे, पांढरी माशी यांना ती सहसा बधत नाही, म्हणून सुरुवातीच्या फवारण्या वाचतात. पंजाब-राजस्थानात अमेरिकन कापसाला लोळवणारा पाने गुंडाळण्याचा विषाणू रोग देशीला होत नाही. किनाऱ्याच्या खारपट्ट्यातही ती उभी राहते. सौराष्ट्राच्या कोरड्या भागात व्ही-797 सारखे वाण याच गुणावर जगले, आणि कच्छचा काला कापूस पाण्यावाचून येतो म्हणून आज त्याला कारागिरांनी पुन्हा हातमागावर चढवले आहे.

आखूड धाग्याची तक्रारही आता पूर्वीइतकी खरी नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने परभणी तुराब, विनायक, पीए 08, पीए 740 अशी देशी सरळ वाणे काढली. त्यांचा धागा अमेरिकन कापसाच्या जवळ जातो. अकोल्याच्या विद्यापीठाची एकेए मालिका आहे. जाड, पाणी शोषणारा आखूड धागाही वाया जात नाही. दवाखान्यात लागणाऱ्या कापसाला तोच हवा असतो, आणि राहुरीच्या विद्यापीठाने त्यासाठीच ‘फुले धन्वंतरी’ हे देशी वाण दिले आहे.

आणखी एक गुण निसर्गाने दिला आहे. देशी कापसाच्या पेशीत 26 गुणसूत्रे असतात, अमेरिकन कापसात 52. मधमाशीने शेजारच्या बीटीचा पराग आणून टाकला तरी देशीच्या फुलात सहसा बी धरत नाही. चारी बाजूंनी बीटी असले तरी मधल्या दहा गुंठ्यांत देशीचे शुद्ध बियाणे राखता येते. अमेरिकन जातीच्या सरळ वाणांना, म्हणजे नागपूरच्या ‘सुरज’सारख्यांना, हे कवच नाही. त्यांच्यासाठी अंतर ठेवावे लागते, कडेच्या ओळींतला कापूस बियाण्याला धरायचा नाही.

ज्यांना बीटी हवाच आहे त्यांच्यासाठीही सरळ वाणाची वाट बंद नाही. नागपूरच्या संस्थेने ‘सुरज बीटी’, ‘रजत बीटी’सारखी सरळ बीटी वाणे पुढे काढली. पहिल्या बीटी जनुकापुरती पुन्हा पुन्हा विकत घेण्याची अट त्यात उरत नाही. गावात मात्र त्यांचे नाव ऐकू येत नाही, कारण जे बियाणे शेतकरी एकदाच घेणार त्याची जाहिरात भिंतीवर कोण रंगवणार?

आता करायचे काय

पहिले काम आपल्या शेतातले. यंदा आखाजीला गावी जाल तेव्हा भावाशी बसून ठरवा. सगळे शेत देशीवर टाका असे मी सांगत नाही. कर्ज डोक्यावर असताना असा जुगार कुणी खेळू नये. दहा एकराला एक एकर, दोन एकराला आठ-दहा गुंठे, एवढेच बाजूला काढा. मुरमाड किंवा पाणी न पोहोचणारा तुकडा चालेल, देशीची परीक्षा तिथेच होते. बियाणे जळगावच्या कापूस संशोधन केंद्रात, परभणी-अकोल्याच्या विद्यापीठांत किंवा सुरतेच्या अठवा फार्मवर विचारा, आणि आपल्या पावसाला कोणते वाण चालते ते तिथल्या माणसाकडून समजून घ्या. विचारणा मे महिन्यात नको, आधीच करा. सरकारी बियाणे थोडे असते आणि लवकर संपते.

दुसरे काम सरकी राखण्याचे. पीक भरात असताना शेतातून फिरा, निरोगी आणि भरल्या बोंडांच्या झाडांना चिंधी बांधा. त्यांचा मधल्या वेचणीतला कापूस वेगळ्या पोत्यात ठेवा. शेवटच्या वेचणीतला बियाण्याला नको, त्यात अळी असते. हा कापूस मोठ्या जिनिंगमध्ये टाकू नका, तिथे सगळ्या गावाची सरकी एक होते. हाताच्या रेच्यावर किंवा छोट्या यंत्रावर रुई काढा. सरकी उन्हात चांगली वाळवा. पेरणीआधी शंभर सरक्या ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहा. मग आजी करायची तसेच करा, शेण-मातीच्या काल्यात चोळून सुकवा, म्हणजे तंतू बसतात, सरक्या एकमेकींना चिकटत नाहीत आणि पाभरीच्या नळीतून मोकळ्या पडतात. गावातल्या दोन जुन्या माणसांना हे येत असेल. ती आहेत तोवर त्यांच्या हाताखाली शिकून घ्या.

तिसरे काम बीटी पेरणाऱ्यांचे, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांचे. जूनआधी कपाशी लावू नका, डिसेंबर-जानेवारीत पीक संपवा. फरदडीचा मोह सोडा, पऱ्हाटी बांधावर रचून ठेवू नका, कामगंध सापळे लावा आणि पतंग मोजल्यावरच फवारा. चोर बीटी दारात येऊ देऊ नका. एका शेताने हे करून भागत नाही, शिवारात सगळ्यांनी करावे लागते. म्हणून गावच्या गटावर याची चर्चा घडवा. सुरतेत बसूनही ती घडवता येते.

चौथे काम आपल्या मंडळांचे. आपण इथे कानबाई थाटात बसवतो, गणपतीला वर्गणी जमवतो. आखाजीच्या आधीच्या एखाद्या रविवारी बियाण्याची देवघेव ठेवा. ज्याच्याकडे देशी सरकी आहे त्याने शेरभर आणावी, नवा माणूस ती घेऊन जाईल आणि पुढल्या वर्षी दुप्पट परत करील. हे बेकायदेशीर नाही. 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या 39 व्या कलमाने शेतकऱ्याला आपल्या शेतातले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा आणि ब्रँडचे नाव न लावता विकण्याचाही हक्क दिला आहे. 2019 मध्ये पेप्सिकोने बटाट्याच्या वाणावरून गुजरातच्या शेतकऱ्यांवर दावे लावले, तेव्हा देशभरातून याच कलमाचे नाव घेतले गेले आणि कंपनीने दावे मागे घेतले. वापरात नसलेला हक्क कागदावरच राहतो, म्हणून हा हक्क दरवर्षी वापरा.

पाचवे काम सुरतेच्या बाजाराचे. हे शहर पॉलिस्टरवर चालते हे खरे. तरी इथल्या व्यापाऱ्यांची, विणकरांची ओळख देशभर आहे. देशी कापसाचा छोटा ढीग स्वतंत्रपणे विकत घेणारे, त्याची वेगळी जिनिंग करून देणारे दोन-चार जण जरी पुढे आले, तरी गावाकडचा शेतकरी पुढल्या वर्षी दहा गुंठ्यांचा एक एकर करील. दवाखान्याच्या कापसाचे कारखानदार, हातमागाचे खरेदीदार यांच्यापर्यंत हा माल पोहोचवायला मराठी तरुणांनी व्यापार म्हणूनच उतरावे. दानधर्म म्हणून केलेले काम दोन हंगामांत थकते.

आणि सहावे काम सरकारला बोलायला लावण्याचे. केंद्राने 2025-26 च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांचे कापूस उत्पादकता अभियान जाहीर केले, त्यात भर लांब धाग्यावर आहे. त्या अभियानात देशी आणि सरळ वाणांच्या बियाण्यासाठी वेगळा वाटा हवा. ज्या विद्यापीठांनी ही वाणे काढली त्यांना मूलभूत बियाणे पुरेसे तयार करायला माणसे आणि पैसा हवा, आणि ते तालुक्याच्या गावी छोट्या पुड्यांत मिळायला हवे. ही मागणी नवसारी आणि जळगाव, गांधीनगर आणि मुंबई अशा दोन्ही बाजूंनी गेली पाहिजे, आणि ती दोन्हीकडे नेऊ शकणारा माणूस सुरतेतला मराठी माणूसच आहे. त्याचे मत इथे किंवा तिथे नोंदलेले असते, जमीन तिथे असते आणि पोट इथे.

संशोधन केंद्रातला माणूस आपल्याला एक साधा प्रश्न विचारील: हे बियाणे मागतो कोण? मागणीच नसेल तर वाण नोंदवहीत उरते आणि शेतातून जाते. म्हणून या लेखाचा शेवट तुमच्या सहीने व्हावा. आपल्या मंडळाच्या कागदावर नाव लिहा, त्यापुढे गाव, त्यापुढे देशीसाठी काढलेले गुंठे. दहा असोत नाहीतर दोन. ती यादी अठवा फार्मला द्या, जळगावच्या केंद्राला द्या, तुमच्या आमदाराला द्या, आणि दिलेल्या गुंठ्यांत यंदाच सरकी पेरा.